मिडवाइफ म्हणजे गावची सुईण नव्हे: बाळंतपणाच्या नव्या धोरणाचा तुमच्या घराशी काय संबंध?

"डॉक्टर, नॉर्मल होईल ना? की सिझर करावे लागेल?" सातव्या महिन्यानंतर आमच्या ओपीडीत हा प्रश्न रोज येतो. कधी गरोदर बाई स्वतः विचारते, कधी तिची सासू, कधी बाहेर बाकावर बसलेला नवरा आत डोकावून विचारतो. या प्रश्नामागे भीती असते आणि थोडी शंकाही: आपल्या बाईच्या कळा सुरू असताना तिच्या उशाशी कोण असेल? डॉक्टर येईपर्यंत तिच्याकडे लक्ष कोण देईल? घाईने निर्णय तर होणार नाही ना?

हा प्रश्न आता देशाच्या आरोग्य धोरणातही आला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने भारतातील मिडवाइफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणाची जबाबदारी खास प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफकडे असावी आणि गुंतागुंत दिसताच डॉक्टरांनी सूत्रे हाती घ्यावीत, असा त्या धोरणाचा गाभा आहे. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्याची जागा घेणारा हा कायदा आहे आणि त्याच्या नावातच 'मिडवाइफरी' हा शब्द आला.

मग तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मिडवाइफ का दिसत नाही? आणि दिसली तर तिच्यावर भरवसा ठेवावा का? या लेखात या दोन प्रश्नांची उत्तरे पाहू.

सुईण, सिस्टर आणि मिडवाइफ: गोंधळ कुठे होतो?

'मिडवाइफ' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गावची सुईण येते. हा गोंधळ आधी दूर करू.

सुईण किंवा दाई ही अनुभवातून शिकलेली बाई. आपल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणे तिनेच केली. तेल लावणे, धीर देणे, बाळंतिणीची शेकशेगडी, बाळाची आंघोळ या कामांत तिचा हात बसलेला असे. पण रक्तस्राव सुरू झाला, बाळ आडवे असले किंवा बाळंतिणीला झटके आले, तर तिच्या हाती औषध नव्हते आणि पुढे पाठवायला जागाही नव्हती. तिचा दोष नाही, पण त्या काळी बाळंतपणात बायका मोठ्या संख्येने जात, हे विसरून चालणार नाही.

सिस्टर म्हणजे नोंदणीकृत नर्स. आपल्याकडे उपकेंद्रातल्या एएनएमला सरकारी कागदांवर 'सहाय्यकारी परिचारिका प्रसविका' म्हणतात. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या सिस्टरच्या नावापुढे 'आरएनआरएम' लिहिलेले असते. त्यातला 'एम' मिडवाइफचाच. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे लाखो मिडवाइफ आहेत. प्रत्यक्षात मात्र नर्सिंगच्या अभ्यासात बाळंतपण हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो. नोकरीत लागल्यावर तीच सिस्टर आज लेबर रूममध्ये, पुढच्या महिन्यात अपघात विभागात आणि नंतर मुलांच्या वॉर्डात असते.

नव्या धोरणातली मिडवाइफ वेगळी आहे. तिचे अधिकृत नाव 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'. आधीच नर्स असलेल्या आणि अनुभव घेतलेल्या व्यक्तीला पुढे १८ महिन्यांचे फक्त गर्भारपण, बाळंतपण आणि नवजात बाळाच्या काळजीचे प्रशिक्षण दिले जाते. हे प्रशिक्षण आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाने ठरवलेल्या कौशल्यांवर बेतलेले आहे. साधे बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करणे आणि गुंतागुंत वेळेत ओळखून पहिला उपचार सुरू करून डॉक्टरांना बोलावणे, ही दोन्ही कामे तिला यावी लागतात.

धोरणाप्रमाणे ही मिडवाइफ घरी बाळंतपण करत नाही. तिच्यासाठी जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ऑपरेशनची सोय आहे अशाच रुग्णालयाच्या आवारात 'मिडवाइफ-संचालित कक्ष' असावा, असे ठरले आहे. गरज पडली तर बाईला रुग्णवाहिकेने दुसऱ्या गावी न्यावे लागू नये, स्ट्रेचरवरून शेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नेता यावे, हा त्यामागचा विचार.

आत्ताच ही गरज का भासली?

गेल्या वीस वर्षांत आपल्या देशाने बाळंतपण घरातून दवाखान्यात आणले. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांचा त्यात मोठा वाटा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. माताही पूर्वीपेक्षा खूप कमी दगावतात. २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ३०० मातांचा मृत्यू होत होता. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले. महाराष्ट्रात ते ३३ होते.

हे यश मोठे आहे. पण दवाखान्यात पोचल्यावर काय होते, हा प्रश्न आता पुढे आला आहे. त्याची दोन टोके आहेत.

पहिले टोक: गर्दी. मोठ्या सरकारी रुग्णालयात एका रात्री अनेक बायका कळा देत असतात आणि त्यांच्यामागे मोजक्या सिस्टर व एखाद-दोन डॉक्टर. बाळाचे ठोके वेळेवर मोजले जात नाहीत, रक्तस्राव उशिरा लक्षात येतो, बाईशी नीट बोलायलाही कोणाला सवड नसते. धीराच्या शब्दाऐवजी ओरडा ऐकावा लागला, असे कितीतरी बायका सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नसते.

दुसरे टोक: गरजेपेक्षा जास्त हस्तक्षेप. त्याच पाहणीनुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. त्याआधीच्या पाहणीत (२०१५-१६) हा आकडा १७.२ टक्के होता. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के सिझर झाले. महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. तेलंगणात ते ६० टक्क्यांच्या वर गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सिझर वाईट नाही. योग्य वेळी केलेल्या सिझरने आई आणि बाळ दोघांचेही जीव वाचतात, आणि ज्या दुर्गम भागात ते वेळेवर होत नाही तिथे आजही जीव जातात. खासगी रुग्णालयांत गुंतागुंतीच्या केसेसही येतात, त्यामुळे तिथले सगळे सिझर अनावश्यक म्हणता येत नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मांडल्याप्रमाणे, एखाद्या लोकसंख्येत सिझरचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यावर केवळ प्रमाण वाढल्यामुळे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. आणि प्रत्येक सिझर पुढच्या गर्भारपणाला काही धोके जोडते: वार खाली असणे किंवा चिकटून बसणे, जुना टाका उसवणे.

या दोन्ही टोकांचे मूळ एकच आहे. कळा सुरू असलेल्या बाईजवळ सलग बसणारे प्रशिक्षित माणूस नाही. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालू शकतात. ओपीडी, ऑपरेशन आणि इतर रुग्ण सांभाळणारा डॉक्टर तेवढा वेळ उशाशी बसू शकत नाही. मी बसू शकत नाही, माझे सहकारीही बसू शकत नाहीत. मग एक तर उशिरा लक्ष जाते, नाही तर लवकर कात्री हातात घेतली जाते.

पुरावा काय सांगतो?

जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२४ मध्ये याच विषयावर १७ अभ्यास आणि १८,५०० हून अधिक बायकांची माहिती एकत्र केली. गर्भारपणापासून बाळंतपणापर्यंत मिडवाइफने सलग काळजी घेतली, तेव्हा नैसर्गिक बाळंतपणाचे प्रमाण ६६ वरून ७० टक्क्यांवर गेले. सिझर १६ वरून १५ टक्क्यांवर आले. बाळ बाहेर येताना कात्री लावण्याचे प्रमाण २३ वरून १९ टक्क्यांवर आल्याचे दिसले. आपल्याला मिळालेल्या काळजीबद्दल बायका जास्त समाधानी होत्या.

हे आकडे नीट वाचा. फरक आहे, पण जादू नाही. मिडवाइफ आली म्हणून सिझर निम्म्यावर येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. शिवाय यातले बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत, हेही लक्षात ठेवायला हवे.

आपल्यासारख्या परिस्थितीतला महत्त्वाचा पुरावा रक्तस्रावाबद्दलचा आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे माता दगावण्याचे एक प्रमुख कारण. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली, म्हणजे किती रक्त गेले ते अंदाजाने न ठरवता मोजता येते. रक्त ठरावीक खुणेवर पोचले की गर्भपिशवी चोळणे, ती आकुंचन पावण्याचे औषध, रक्त थांबवणारे औषध, सलाइन आणि तपासणी हे सगळे एकदम सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे आणि रक्तस्रावाने मृत्यू, या तिन्हींचे मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झाले. हे काम मुख्यतः मिडवाइफ आणि नर्सच करत होत्या. नवे महागडे यंत्र लागले नाही, उशाशी माणूस आणि हातात ठरलेली पद्धत होती.

शेजारचा श्रीलंका हे आणखी एक उदाहरण. १९३० च्या सुमारास तिथे एक लाख जन्मांमागे दोन हजारांहून जास्त माता दगावत. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण ५० च्या खाली आले. मलेरियावर नियंत्रण, मुलींचे शिक्षण, रक्तपेढ्या, डॉक्टर या सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण घरोघरी जाणारी आणि दवाखान्याशी जोडलेली सरकारी मिडवाइफ हा त्या साखळीतला महत्त्वाचा दुवा होता.

महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे शिक्षण दिले आणि बालमृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. ते काम मिडवाइफरीचे नव्हे, बाळाच्या काळजीचे होते. पण योग्य शिक्षण आणि देखरेख मिळाली तर डॉक्टर नसलेली व्यक्तीही जीव वाचवू शकते, हे त्यातून दिसले.

मिडवाइफ नेमके काय करते?

गर्भारपणात ती नियमित तपासणी करते: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने, बाळाची वाढ आणि ठोके. आहार, लोहाच्या गोळ्या, बाळंतपणाची तयारी, कळा कशा ओळखायच्या, कधी निघायचे, हे निवांत समजावून सांगते. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत जे राहून जाते, ते इथे होते.

कळा सुरू झाल्यावर तिचे खरे काम सुरू होते. बाळाचे ठोके ती दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकते, बाई जोर देऊ लागली की दर पाच मिनिटांनी. कळांचा जोर, पिशवीचे तोंड किती उघडले, नाडी, रक्तदाब यांची नोंद तक्त्यावर ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार बाळंतपणाचा वेगवान टप्पा पिशवीचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होतो. प्रत्येक बाईचे तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना नियम आता लावू नये. आई आणि बाळ दोघे ठीक असतील तर वाट पाहता येते. पण वाट पाहण्यासाठी लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे, आणि ते काम मिडवाइफचे.

ती बाईला चालू देते, बसू देते, कुशीवर वळू देते. पाठ चोळते, पाणी पाजते, श्वास कसा घ्यायचा ते दाखवते. पाठीवर झोपूनच बाळंत झाले पाहिजे असा आग्रह धरत नाही. प्रत्येक पहिलटकरणीला कात्री लावायची आणि टाके घालायचे, ही सवय आता शास्त्राला धरून नाही, गरज असेल तरच ते करायचे असते. बाळ लवकर यावे म्हणून पोटावर वरून दाब देण्याची पद्धतही चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटना ती नको म्हणते.

बाळ आल्यावर रक्तस्राव टाळणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन ती देते, बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबते, बाळाला आईच्या छातीवर ठेवते आणि पहिल्या तासात अंगावर पाजायला मदत करते. बाळाने श्वास घेतला नाही तर पिशवी आणि मास्कने श्वास देणे तिला यावेच लागते. पहिले दोन तास ती आईच्या रक्तस्रावावर डोळा ठेवते, कारण सर्वांत जास्त धोका याच वेळी असतो.

कोणाचे बाळंतपण डॉक्टरांच्याच देखरेखीखाली हवे?

पुढीलपैकी काही असेल तर फक्त मिडवाइफच्या भरवशावर राहता येत नाही:

- आधीचे सिझर किंवा गर्भपिशवीचे ऑपरेशन
- जुळी मुले, पायाळू किंवा आडवे बाळ
- वाढलेला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, झटके किंवा तीव्र रक्तक्षय
- वार खाली असणे, गर्भारपणात रक्त जाणे
- बाळाची वाढ खुंटणे किंवा ३७ आठवड्यांआधी कळा येणे
- मागच्या बाळंतपणात अतिरक्तस्राव किंवा बाळ दगावणे

अशा बायकांनाही मिडवाइफचा उपयोग होतो. धीर, नोंदी, स्तनपान ही कामे ती करतेच. निर्णय मात्र डॉक्टरांचा असतो. आणि हेही लक्षात ठेवा: सुरुवातीला सगळे सुरळीत असलेले बाळंतपण तासाभरात बदलू शकते. म्हणूनच मिडवाइफच्या कक्षाशेजारी ऑपरेशन थिएटर हवे.

इंग्लंडने दिलेला इशारा

इंग्लंडमध्ये मिडवाइफच बाळंतपणाचा कणा आहे. तरी तिथल्या श्रूसबरी अँड टेलफर्ड रुग्णालय संस्थेतल्या कारभाराची चौकशी झाली. मार्च २०२२ मध्ये त्या चौकशीचा अंतिम अहवाल आला. १४८६ कुटुंबांच्या प्रकरणांचा त्यात अभ्यास होता. योग्य काळजी मिळाली असती तर २०१ बाळे आणि ९ माता वाचू शकल्या असत्या, असे त्यात म्हटले होते. मनुष्यबळ कमी, प्रशिक्षण अपुरे, झालेल्या चुकांतून शिकणे नाही, आणि त्यात सिझरचे प्रमाण कमी ठेवण्याचा हट्ट. आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली तेव्हा ती ऐकून घेतली गेली नाही.

मिडवाइफ वाईट, असा या अहवालाचा अर्थ नाही. 'नॉर्मल'चा हट्ट धरणे जितके धोक्याचे, तितकेच 'सिझर'ची घाई करणे धोक्याचे, एवढाच त्याचा धडा. आई आणि बाळ सुखरूप राहणे हे ध्येय, बाळंतपणाचा मार्ग नंतरचा.

आपल्याकडे दुसरे टोकही दिसते. दवाखाना नकोच म्हणून प्रशिक्षित व्यक्तीशिवाय घरीच बाळंतपण करण्याचा प्रचार समाजमाध्यमांवर होतो. एप्रिल २०२५ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात घरी बाळंत झालेल्या एका महिलेचा मृत्यू झाला आणि या विषयावर देशभर चर्चा झाली. अशा बाळंतपणाचा आणि मिडवाइफरीचा काही संबंध नाही. मिडवाइफरी म्हणजे दवाखान्याला पर्याय नव्हे.

मग अडते कुठे?

तेलंगणाने २०१७ मध्येच करीमनगर इथे युनिसेफ आणि हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीने सरकारी सिस्टरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू केले. सर्वांत जास्त सिझर होणाऱ्या राज्यानेच हे पाऊल आधी उचलले, यात नवल नाही. पण देशभर हा बदल सावकाश होतो आहे. माझ्या मते त्याची कारणे अशी आहेत.

पहिले, शिकवणारे कमी. मिडवाइफ घडवायला आधी मिडवाइफ शिक्षक लागतात आणि आपल्याकडे ही परंपराच तुटलेली आहे. दीड वर्षासाठी सिस्टरला प्रशिक्षणाला पाठवले तर तिच्या जागी वॉर्डात कोण, हा प्रश्न रुग्णालय प्रमुखासमोर असतोच.

दुसरे, बदली. प्रशिक्षण घेऊन आलेली मिडवाइफ सहा महिन्यांनी डोळ्यांच्या वॉर्डात गेली तर सगळा खर्च पाण्यात. तिच्यासाठी वेगळे पद, वेगळी वेतनश्रेणी आणि लेबर रूममध्येच राहण्याची हमी हवी.

तिसरे, आम्ही डॉक्टर. 'काही झाले तर नातेवाईक माझीच कॉलर धरणार' ही भीती खरी आहे. दवाखान्यांवर हल्ले होतात, कोर्टकचेरी होते. अशा वातावरणात निर्णयाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवायला डॉक्टर कचरतात. त्यासाठी कोणी केव्हा काय करायचे आणि जबाबदारी कोणाची, हे कायद्यात आणि रुग्णालयाच्या नियमांत स्पष्ट हवे. त्याबरोबर हेही मान्य करायला हवे की आमच्यातल्या काहींना आपली सत्ता सोडवत नाही.

चौथे, खासगी क्षेत्राचा हिशेब. लहान प्रसूतिगृहात एकच डॉक्टर रात्रंदिवस असतो आणि काही ठिकाणी मदतीला नोंदणीकृत सिस्टरही नसते, हाताखाली शिकलेल्या मुली असतात. प्रशिक्षित मिडवाइफला योग्य पगार द्यायचा तर तो खर्च कुठून काढायचा? स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या संघटनेचा 'मान्यता' उपक्रम खासगी प्रसूतिगृहांना १६ वैद्यकीय निकषांवर प्रमाणपत्र देतो. मिडवाइफरीचा रस्ता खासगीत अशाच उपक्रमांतून जाऊ शकेल.

पाचवे, आपण सगळे. 'पैसे मोजतोय तर मोठ्या डॉक्टरांनीच केले पाहिजे' ही आपली समजूत. नॉर्मल बाळंतपणात डॉक्टर शेवटच्या दहा मिनिटांत आले तरी चालते, पण त्याआधीचे दहा तास कोण होते, हे आपण विचारत नाही.

तुम्ही आजच काय करू शकता?

मिडवाइफ तुमच्या गावात येईपर्यंत थांबायची गरज नाही. सातव्या-आठव्या महिन्यात नाव नोंदवलेल्या दवाखान्यात हे प्रश्न शांतपणे विचारा:

- कळा सुरू असताना बाईजवळ कोण असते? ती सिस्टर नोंदणीकृत आहे का?
- बाळाचे ठोके किती वेळाने ऐकले जातात?
- जवळ एक नातेवाईक थांबू शकते का?
- कात्री आणि टाके सगळ्यांना की गरजेप्रमाणे?
- सिझर लागले तर ते इथेच होते की दुसरीकडे न्यावे लागते? भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात?
- रक्त लागले तर कुठून येते?

यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरे वाटते. जवळ नातेवाईक थांबण्याबद्दल: २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका महिला नातेवाइकाला थांबू द्यावे, असे केंद्राचे निर्देश आहेत. आई, सासू, बहीण किंवा जाऊ, जी स्वतः घाबरणार नाही अशी एक जण आधीच ठरवून ठेवा.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, जेवण, रक्त आणि ने-आण मोफत मिळण्याचा हक्क जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने दिला आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. आपली आशाताई याची माहिती देईल. तातडीच्या वेळी १०८ वर फोन करा.

हे दिसले तर वाट पाहू नका

- अंगावरून रक्त जाणे
- खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, झटके
- बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
- पाणी जाणे, विशेषतः ते हिरवट किंवा वास येणारे असेल तर
- ताप, धाप लागणे, पोटात सतत कडक दुखणे
- बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, चक्कर येणे, पोटरी सुजून दुखणे

यातले काहीही असेल तर मिडवाइफ, आशाताई किंवा सिस्टर कोणाचाही सल्ला मिळेपर्यंत घरी थांबू नका. थेट ऑपरेशनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

शेवटी

बाळंतपणात बाईला दोन गोष्टी हव्या असतात: सोबत आणि सुरक्षितता. पूर्वी घरात सोबत होती, सुरक्षितता नव्हती. दवाखान्याने सुरक्षितता बऱ्याच अंशी दिली, सोबत मात्र काढून घेतली. चांगली प्रशिक्षित मिडवाइफ, हाकेच्या अंतरावर डॉक्टर आणि दोघांमध्ये विश्वास, असे झाले तर दोन्ही एकत्र मिळू शकतात.

हे धोरण कागदावरून लेबर रूममध्ये यायला वेळ लागेल. पण तुम्ही दवाखान्यात "डॉक्टर कोण?" या प्रश्नासोबत "कळा येताना तिच्याजवळ कोण बसणार?" हेही विचारू लागलात, तर तो वेळ नक्की कमी होईल. ओपीडीत हा प्रश्न माझ्यासमोर आला, तर मला तो आवडेल.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या गर्भारपणातले निर्णय तुमच्या तपासण्या पाहून, तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*